गेरूचं नाव

रस्ता रुंद करायचा म्हणून नाक्यावरचा दगड उचलून मागं नेलाय, रिक्षा उभ्या राहतात त्याच्या बाजूला. मी काय खास बघायला गेलो नव्हतो. बाजाराचा दिवस होता, सुकट घ्यायला गेलो होतो. तर एक रंगवाला तिथं उकिडवा बसून दगडावरच्या नावांत सोनेरी रंग भरत होता. कोरलेल्या अक्षरातनं ब्रश फिरवायचा, बाहेर गेलेला रंग फडक्यानं टिपायचा. वरनं खाली येता येता एका जागी थांबला नि मला म्हणाला, "बाबा, ही मधली जागा मोकळी कशी?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? मला वाचता येत नाय."

तो म्हणाला, "मोकळी जागा वाचायला शाळा लागते काय?"

हरलो. या वयात सुद्धा मी रोज कुणाकडनं तरी हरतो, तेवढाच व्यायाम.

दगडावरची नावं मी वाचत नाय, जागेवरनं ओळखतो, जशी आपण गुरं ओळखतो. सगळ्यात वर हवालदार आजोबा. त्याच्याखाली दोघं असेच जुने, मी बघितले नाय. मग ती मोकळी जागा. मग सोनू. सोनूचं नाव सगळ्यात मोठं. लढाईत मेले त्यांचा हा दगड नाय. गावातनं जे लढाईला गेले त्यांचा हाय. मेले ते आले त्यात, परत आले ते पण आले. हे आमाला गुरुजींनी तेव्हा किती वेळा समजावून सांगितलं, आणि आमाला ते किती वेळा समजलं नाय!

रंगाचा वास नाकात गेला नि आत जाता जाता बदलला. तो वास रंगाचा नव्हता. गवताचा होता.

तेव्हा आमच्याकडे गवताचा धंदा. दिवाळीच्या अलीकडे डोंगराचा उतार पिवळा पडायचा, कोयते निघायचे, आणि उमरोळी ठेसनाच्या बाजूला वखार होती तिथं गंज्या लागायच्या. ते गवत दाबून गासड्या बांधायच्या, मालगाडीच्या वाघिणीत भरायच्या, मुंबईच्या तबेल्यात पाठवायच्या. मुंबई आमी बघितली नव्हती, पण मुंबईच्या म्हशी आमच्या हातचं खात होत्या. कापलेल्या गवताचा वास गोड असतो, पण त्यात कुसळं असतात. शर्टात गेली की दिवसभर टोचतात, दिसत नाय, सापडत नाय. लढाई लागली त्या वर्षीची काळजी तशीच होती. अंगावर कुठं हाय ते सांगता येत नव्हतं, पण बसू देत नव्हती.

आमी तिघं वखारीत कामाला. मी, माझा मोठा भाऊ बुधा, आणि सोनू. सोनू म्हंजे शेजारच्या जनीमावशीचा एकुलता एक. आमचं आणि मावशीचं घर कुडाला कूड लागून. त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंक आमाला यायची. बाप दोन्ही घरांत नव्हता, त्यामुळं दोन्ही आया दोन्ही घरांतल्या पोरांना मारायच्या, हिशोब कोणी ठेवत नव्हतं.

चीनची लढाई होऊन गेल्यावर पालघरला पलटणीची भरती आली. बुधा आणि सोनू गेले. मी पण गेलो, कारण तिथं दुपारचं जेवण मिळतं असं कोणीतरी सांगितलं होतं. जेवण नव्हतं. उघडं करून उभं केलं. साहेब फीत घेऊन आला नि म्हणाला, छाती फुगव. मी गाल फुगवले. साहेबाच्या हातातली फीत तशीच राहिली. बाजूचा शिपाई हसला, साहेब हसला नाय. पुढच्या रांगेतनं बुधा मान वळवून माझ्याकडे बघत होता. हा माझा भाऊ हाय असं कबूल करावं का नाय, तेवढंच त्याच्या तोंडावर होतं. ते दोघं पास झाले. मला साहेबानं सांगितलं, तू घरी जा, आईला मदत कर. मी घरी आलो. मदत मात्र काय केली ते मला आठवत नाय.

ते गेले त्या दिवशी ठेसनावर जनीमावशीनं दोघांना सुकटीची चटणी बांधून दिली. आईनं दोघांच्या कानामागं काजळ लावलं. सोनू म्हणाला, "मावशे, पलटणीत काजळ लावून गेलो तर साहेब नाचायला लावील." आई म्हणाली, "नाच मग. नाचताना कोण गोळी घालत नाय."

गाडी गेली. धुराचा वास राहिला, आणि रूळ बराच वेळ बारीक आवाज करत राहिले. मी वाकून रुळाला कान लावला, तर आईनं पाठीत धपाटा घातला, "तू तरी मरू नको रे!"

दगड उभा करायचं डोकं गुरुजींचं. शाळा चालवायचे, गावात काय नवीन निघालं की ते त्यांच्याकडनंच निघायचं. तारापूरला समुद्राच्या कडेला तेव्हा विजेच्या कारखान्याचं काम लागलं होतं, बोईसरच्या बाजूला खाणीत दुपारी सुरुंग उडायचे, दगडाचे ट्रक जायचे. त्यातल्याच एका खाणीतनं गुरुजींनी एक लांबोडका काळा दगड मागून आणला. उन्हाळाभर तो नाक्यावर आंब्याखाली आडवा पडून होता. आमी त्यावर पत्ते खेळलो. मी त्यावर लुंगी वाळत घातली. गुरुजी ओरडले, "अरे, हे स्मारक आहे!" मी म्हटलं, "व्हायचंय ना अजून, गुरुजी? तोपर्यंत लुंगी वाळते."

आषाढ सरता सरता दगड उभा केला. खाणीतला एक पाथरवट आला, यल्लप्पा नावाचा. त्याची रीत अशी, की आधी गुरुजींनी गेरूनं दगडावर नाव काढायचं, मग त्या गेरूवर त्यानं छिन्नी चालवायची. त्याला पण आमच्यासारखंच वाचता येत नव्हतं. लाल दिसेल तेवढं फोडायचं, एवढंच.

वरची तीन नावं झाली. चौथं बुधाचं. गेरू ओला होता अजून. तेवढ्यात आई शेतातनं आली, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर इरलं. तिला काय वाचता येत होतं? पण तिनं विचारलं, "हे कोणाचं?" आणि कोणीतरी सांगितलं. तिनं इरलं फेकलं नि दगडाला जाऊन हात लावून उभी राहिली.

आता हे समजायला पाहिजे. आमच्यात माणूस गेला की त्याचा चिरा मांडतात. गावाच्या शिवेवर, झाडाखाली, दगडात माणूस कोरायचा, वर चंद्र-सूर्य, शेंदूर लावायचा. तो मग त्या दगडात राहतो. नवं भात आलं की पहिला घास त्याला. भुकेला राहिला तर घरावर येतो. जित्या माणसाला दगडात कोणी घालत नाय. घातला, की दगड त्याची वाट बघतो.

यल्लप्पा म्हणाला, "माय, हात निकालो. छिन्नी लगेगी."

"लागू दे."

गुरुजी म्हणाले, "बुधाची आई, हा मान आहे. यात जिवंत माणसांची पण नावं असतात. हे आपले हवालदार आजोबा बघा."

हवालदार आजोबा इंग्रजाच्या लढाईला जाऊन आलेले. त्यांचं नाव नुकतंच कोरून झालेलं, ते त्याच्यावर हात फिरवत बसलेले, जसा कोणी नवीन बैलावर फिरवतो. म्हणाले, "काय गो, मी मेलोय काय? ये, चिमटा काढून बघ."

आई म्हणाली, "तुमचं तुमी बघा, बाबा. तुमचं वय झालं. माझं पोर दगडात घालू नका."

जनीमावशी मागनं पुढं आली. तिच्या कमरेवर कळशी होती. म्हणाली, "भारी भित्री तू, बाय! पोरं पलटणीत गेली, गाव मान देतंय, नि तू दगडाला मिठी मारून बसलीस. गुरुजी, माझ्या सोनूचं घाला. मोठं घाला. ठेसनावरनं येणाऱ्याला लांबनं दिसलं पाहिजे."

आई म्हणाली, "जने, नको गो."

"तुझं शहाणपण तुझ्याजवळ."

मी मधे तोंड घातलं. म्हटलं, "माझं कोरा बुधाच्या जागी. मी हितंच हाय, मला कुठं काय होतंय." सगळे हसले. आई नाय हसली. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की त्या दिवसापासनं मी मस्करी करायच्या आधी आजूबाजूला बघतो. बघतो, नि तरी करतो.

शेवटी गुरुजी म्हणाले, राहू दे. बुधाचं गेरूतच ठेवू. तो सुट्टीवर येईल तेव्हा त्यालाच विचारू. आईनं विचार केला. गेरू म्हंजे घराच्या भिंतीला लावतो तो, माठाला लावतो तो, जित्या माणसांच्या वापरातला. गेरू पुसता येतो. ती म्हणाली, "चालेल." आणि यल्लप्पा बुधाला सोडून खाली सरकला. दिवसभर सोनूच्या नावाचे ठोके ऐकू येत राहिले. टक टक टक. घरात आईनं कानाला फडकं बांधलं होतं, डोकं दुखतंय म्हणून.

आता पावसात गेरू राहतोय होय? पहिल्या झडीत बुधा वाहून गेला. तेव्हा लढाई लागली होती. पाकिस्तानची. रेडिओ वखारीच्या शेठकडे होता, तो दाराशी आणून ठेवायचा, आणि आमी गासड्या बांधता बांधता ऐकायचो, समजायचं निम्मं. संध्याकाळी कंदिलाच्या काचेला काळा कागद. ठेसनावरचे दिवे निळे. कुत्री सुद्धा कमी भुंकायची, का मलाच तसं वाटायचं. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की आई चुलीसमोरनं उठून दारात यायची. मी सांगायचो, "आये, तो बोईसरचा हाय." ती म्हणायची, "मला ठाऊक हाय." आणि तरी उभी राहायची, आवाज पूर्ण विरेपर्यंत.

नाव वाहून गेलं हे तिला कळलं तशी ती घाबरी झाली. कोरला तर मरतो, म्हणून कोरू दिला नाय. आता पुसला गेला, तर? मला म्हणाली, "जा, परत काढ."

"आये, मला लिहिता कुठं येतं?"

"गुरुजींना विचार. शीक. एवढंच तर नाव हाय."

गुरुजींनी मला जमिनीवर काडीनं दाखवलं. पहिलं अक्षर म्हंजे माठाच्या पोटात तिरपी काडी, आणि बुडाशी कोयता लटकवलेला. दुसरं म्हंजे दोरीची गाठ, नि बाजूला खांब. वर दोघांवर मिळून एक वासा. झाला बुधा. अंगणातली सगळी माती मी उकरली तेव्हा कुठं ते माठासारखं दिसायला लागलं. आई बाजूला बसून सांगायची, "पोट मोठं झालं. तो एवढा जाडा नाय." मग मी पोट बारीक करायचो.

पाऊस पडून गेला की मी वाटीत गेरू कालवून नाक्यावर जायचो. पाऊस पडला, की परत. गावातले म्हणायचे, "आले बघा कलेक्टर, सही करायला." आज कुठं कागदावर अंगठा द्यायची वेळ आली, नि साहेबानं विचारलं सही येत नाय काय, तर मी म्हणतो, येते साहेब, पण माझी नाय येत.

गणपती गेले नि हवालदार आजोबा गेले. ताप आला, झोपले, उठले नाय. म्हातारे होते, जायचेच होते. पण आईनं ते ऐकलं तेव्हा ती तांदूळ पाखडत होती, आणि सूप थांबलं. नुसती कुडाकडे बघत राहिली. पलीकडे जनीमावशी भाकरी थापत होती, थप थप आवाज येत होता. तो पण थांबला. मला खोकला आला तो मी दाबून ठेवला.

त्यानंतर सायकलच्या घंटीला सगळे भ्यायला लागले. तार सायकलवरनं यायची. दूधवाल्यानं घंटी वाजवली तरी बाया दारात. त्यानं शेवटी घंटीच काढून टाकली, तोंडानं ओरडायला लागला, "दूधवाला हाय, दूधवाला!"

ती सायकल आली ती भर दुपारी आली, उन्हं पडली होती. आई आणि मी अंगणात होतो, जनीमावशी तिच्या अंगणात मासे साफ करत होती. डाकवाला दोन घरांच्या मधे उतरला. सायकल स्टँडवर लावली. पिशवीत हात घातला. मग इकडे बघितलं, मग तिकडे बघितलं. मला वाटलं, मी आता हसणार. खरंच हसू येत होतं, भीतीनं. मी दात आवळले. आणि तो जनीमावशीच्या अंगणाकडे वळला.

आईनं श्वास सोडला. तिला सोडायचा नव्हता. आतनं आला, सुटला, मोठ्यानं. आणि जनीमावशीनं डाकवाल्याकडे बघायच्या आधी आईकडे बघितलं. तिनं तो ऐकला होता.

तारेत काय लिहिलं होतं ते गुरुजींनी येऊन वाचलं. पण मावशीला ते आधीच कळलं होतं, आईच्या श्वासावरनं.

त्या दिवसापासनं कुडाच्या दोन्ही बाजूंना बोलणं बंद. आई गेली होती पाया पडायला, गळ्यात पडायला. मावशी तिला म्हणाली, "जा बाय. तुझा आता वाचला." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोनूला आणलं नाय. तेव्हा कुठं आणायचे! मग मावशीचा चिरा तोच, नाक्यावरचा. ती रोज दुपारी कळशी घेऊन जायची, सोनूचं नाव धुवायची, अक्षरांत शेंदूर भरायची, गुरुजी काय म्हणायचे नाय. तिनं सांगितलं होतं तसं ते लांबनं दिसायचं. आणि त्याच्यावर, एका विताच्या अंतरावर, माझा गेरूचा बुधा, वाकडा, पोट सुटलेला. आईनं नाक्यावरनं जायचं सोडलं. शेताच्या बांधाबांधानं बाजाराला जायची, चिखलातनं, लांबच्या लांब. मी मात्र गेरू घेऊन जायचो तेव्हा मावशी तिथं नसेल अशी वेळ बघून जायचो, चोरासारखा. एकदा चुकलो. ती होती. मी वाटी मागं लपवली. ती म्हणाली, "काढ की. लपवतोस काय?" मी काढलं. घाईत कोयत्याचा साप झाला. ती बघत बसली होती. म्हणाली, "त्याची काय खबर?" मी म्हटलं, "नाय, मावशे." ती म्हणाली, "हां." त्या "हां"मधे काय होतं, ते मला अजून कळलं नाय.

लढाई थांबली असं रेडिओ म्हणाला. पलटणीच्या गाड्या जायला लागल्या, आमच्या ठेसनावर न थांबता. आई डबा घेऊन फलाटावर जाऊन बसायची, मी तिच्याबरोबर. गाडी आली की ती एकेक खिडकी बघायची, मान अशी फिरायची जशी गिरणीच्या पट्ट्याबरोबर फिरावी. एकदा लांबनं गाडी आली, मी उभा राहून कडक सलाम ठोकला. गाडी जवळ आली तर सगळ्या वाघिणींत म्हशी. एक म्हैस माझ्याकडे बघत गेली. मला वाटलं आई हसेल. ती म्हणाली, "म्हशी पण परत चालल्या."

मग भात कापलं. नव्या भाताचा वास सगळ्या गावात. खळ्यावर, पेंढ्यात, बायकांच्या केसात. दरवर्षी या वासानं मला भूक लागायची, त्या वर्षी मी खळ्याला वळसा घालून जायचो. कारण नवं खायच्या आधी गेलेल्यांची पानं मांडतात. आई पानं मांडायला बसली. बापाचं एक. आजीचं, आजाचं. मी दारात उभा. तिच्या हातात अजून एक पान होतं. ती ते पुसत होती. पुसत होती, पुसत होती. मला वाटलं, मांडते आता. मांडलं तर संपलं सगळं.

कुडाच्या पलीकडनं आवाज आला. कितीतरी दिवसांनी. जनीमावशी म्हणाली, "मांड गो त्याचं पण. किती दिवस तंगवशील? उपाशी ठेवू नये गेलेल्याला." ती टोचून बोलत होती का मायेनं, ते आवाजावरनं समजत नव्हतं.

आई म्हणाली, "जने, पान मांडलं की वाऱ्यानं येतात. तो पायानं येणार. ताटावर बसणार."

आईनं ते पान घडी घालून कनवटीला खोचलं. त्या वर्षी आमी नवं खाल्लं, ते मला बारीक खडे खाल्ल्यासारखं लागलं. आईनं खाल्लंच नाय. जुन्या तांदळाची पेज प्यायली.

रंगवाल्याला हे सगळं कुठं सांगत बसू? त्यानं विचारलं म्हणून मी एवढंच म्हटलं, "भाऊ हाय माझा हितं. म्हंजे हितं नाय. हितं नाय म्हणूनच." त्यानं मला वरनं खालपर्यंत बघितलं, नि सुकटीची पिशवी हातात हाय ना ते पण बघितलं. मग त्यानं ब्रश खाली सोनूवर नेला. सोनूला सोनेरी रंग जास्त लागला, अक्षरं मोठी ना.

त्या वर्षी दिवाळी तोंडावर आली होती. मी वखारीत गंजीवर चढून गवत रचत होतो. दुपारची पॅसेंजर थांबली नि गेली. फलाटावरनं एक हडकुळा माणूस आला, खांद्यावर ट्रंक, चालताना एक पाय जरा उशिरा येत होता. मी वरनं विचारलं, "ओ पाव्हणं, कोणाकडे जायचंय?"

त्यानं वर बघितलं. म्हणाला, "तुझ्या आयशीकडे."

मी गंजीवरनं उतरलो नाय, पडलो. तो हसला, नि हसला तेव्हा कुठं तो बुधा झाला. मी त्याला धरायला गेलो तर कुसळं त्याला टोचली, तो म्हणाला, "लांब हो गाढवा," आणि मग त्यानंच मला धरलं. त्याचा एक कान माझ्या बाजूला होता, मी त्यात काय काय बोललो ते त्याला ऐकू आलं नाय. त्या कानानं आता ऐकू येत नव्हतं.

मी म्हटलं, "बांधावरनं जाऊ या. जवळ पडतं."

"लांब पडतं. नाक्यावरनं जाऊ."

"दादा, सोनूचं..."

"मला माहीत हाय," तो म्हणाला. त्यापुढं मी विचारलं नाय, त्यानं सांगितलं नाय, पुढं आयुष्यभर नाय.

नाक्यावर मावशी होतीच. तिची वेळच ती. खाली वाकून कालची फुलं काढत होती. पायांचा आवाज ऐकून उभी राहिली. बुधानं ट्रंक खाली ठेवली. ती त्याला बघत राहिली, पायापासनं डोक्यापर्यंत. आणि मग तिनं त्याच्या मागं बघितलं, रस्त्यावर, ठेसनाच्या बाजूला, अजून कोणी येतंय का. मागं मी होतो. त्या वेळेला माझ्याएवढा नको असलेला माणूस जगात दुसरा कोणी नसेल.

"मावशे..." बुधा म्हणाला.

"आज नको सांगू," ती म्हणाली. "जेव आधी."

कोणीतरी धावत जाऊन आईला सांगितलं असणार. ती खळ्यावरनं पळत आली, केस सुटलेले, हाताला, पदराला कोंडा. बुधापासनं हातभर अंतरावर थांबली. त्याला हात लावला नाय. मावशीकडे बघितलं, मान खाली घातली, आणि सरळ दगडाकडे गेली नि पदरानं ते नाव पुसायला लागली.

निघेना. पावसाला कंटाळून शेवटच्या खेपेला मी गेरूत डिंक कालवला होता. आयुष्यात एक काम मी टिकाऊ केलं, ते नेमकं ते. आई घासत होती, पदर घासत होती, नखांनी खरवडत होती, तोंडानं नुसतं, "नको, नको, हितं नको, हितं नको." बुधा म्हणाला, "आये, राहू दे. मी आलोय ना." तिला ऐकूच येत नव्हतं. बोटातनं रक्त आलं, तर ते पण गेरूसारखंच दिसत होतं.

"सुकं निघायचं नाय," जनीमावशी म्हणाली.

ती पुढं आली. सोनूचं नाव धुवायला आणलेली कळशी तिनं उचलली आणि बुधाच्या नावावर ओतली. हळूहळू, धार धरून. "पूस आता."

आई पुसायला लागली. लाल पाणी दगडावरनं खाली आलं, सोनूच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत शिरलं, त्यातला शेंदूर घेऊन अजून खाली गेलं. ते बघितलं नि आईचा हात थांबला. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या, मधे ती धार.

"थांबतेस काय?" मावशी म्हणाली. "पूस. एवढुसा पण ठेवू नको त्याचा."

कळशी संपली. माठाच्या पोटातली काडी अजून पुसट दिसत होती. मावशीनं ती बघितली, कळशी कमरेवर घेतली नि विहिरीकडे वळली, दुसरी भरून आणायला. पाय उचलून, घाईघाईनं, घरात लगीन असलं की बाया पाण्याला जातात तशी.